पाठिंब्याचा नमुना उपलब्ध नाही

मी गेली बावीस वर्षं एका विमा कंपनीच्या दावे विभागात काम करतो. काम सोपं आहे. लोक फॉर्म चुकीचे भरतात आणि मी ते परत पाठवतो. सहाव्या रकान्यात सातव्याचं उत्तर लिहिलेलं असलं तर मला पाकीट उघडायच्या आधीच कळतं, असं आमचे साहेब म्हणतात. कौतुकानेच म्हणत असावेत. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जो घोळ झाला तो फॉर्म भरता न येणाऱ्या एखाद्या भोळ्या माणसाने घातलेला नाही. तो मी घातला. पूर्ण शुद्धीत, काळ्या शाईत, तीन प्रतींत.

सुरुवात वाचनालयाच्या दारावरच्या नोटिशीने झाली. आमच्या घरापासून सात मिनिटांवर सार्वजनिक वाचनालय आहे. दोन खोल्या, नऊ कपाटं, चौदा खुर्च्या आणि चार ठिकाणी गळणारं छप्पर. त्या चार जागांखाली चार बादल्या कायमच्या मुक्कामाला आहेत. माझे वडील गेली सहा वर्षं रोज सकाळी दहाला डबा घेऊन तिथे जातात आणि संध्याकाळी पाचला परत येतात. खिडकीजवळची तिसरी खुर्ची त्यांची. रविवारी वाचनालय बंद असतं, त्या दिवशी ते पेपर घेऊन जिन्यात बसतात. जिन्यात उजेड चांगला असतो म्हणे. "बाबांना वाचल्याशिवाय करमतच नाही," असं माझी बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

येणारे-जाणारे आमच्याकडे पुष्कळ. घर दोन खोल्यांचं, आणि पुढच्या खोलीत हिचं शिलाईमशीन. दिवसभर बायका मापं द्यायला येतात, कपडे घालून बघतात, 'इथे जरा सैल करा' म्हणतात. घराचा अर्धा गाडा त्या मशीनवर चालतो. त्यामुळे वडिलांना वाचनाचा नाद आहे हे आमचं केवढं भाग्य, असं मी मनातल्या मनात दर महिन्याला एकदा तरी म्हणत असे. त्या नादाला जागा कोण देतं, छपराचं काय, हा विचार मी कधी केला नव्हता. छप्पर माझ्या डोक्यावर गळत नव्हतं ना!

नोटीस अशी होती : या प्रभागात मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर बसवण्याचा प्रस्ताव आहे. मंजूर झाल्यास इमारत दुरुस्त करून वाचनालय चालू ठेवलं जाईल. नामंजूर झाल्यास इमारत पाणीपुरवठा खात्याला पाइप ठेवण्यासाठी देण्यात येईल. हरकती एक महिन्याच्या आत सादर कराव्यात. उपकर म्हणाल तर वर्षाला एका घरामागे एक बऱ्यापैकी चप्पल येईल एवढा. तीही एकाच पायाची.

बाबांनी घरी येऊन ही बातमी सांगितली, पिशवी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "पाइपही कुठेतरी ठेवायलाच हवेत." बस, एवढंच. पण रोज संध्याकाळी ते चष्मा हरवतात आणि घरभर शोधतात, त्या दिवशी त्यांनी चष्मा शोधला नाही. शून्यात बघायला चष्मा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून प्रभाग कार्यालयात गेलो. हरकती स्वीकारण्याची खिडकी चार नंबरची. आत एक बाई होत्या, त्यांच्यापुढे शिक्क्यांची एक अख्खी रांग होती. त्यांना मी पुढे चार नंबरच्या बाई असंच म्हणेन, कारण त्यांनी नाव सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

"ग्रंथालय उपकराला पाठिंबा द्यायचाय," मी म्हणालो.

"पाठिंब्याचा नमुना उपलब्ध नाही."

"केव्हा येईल?"

"अहो, येईल कसा? पाठिंबा द्यायला इथे कोणी येतच नाही. कर म्हटलं की लोक हरकत घ्यायला येतात. नमुना एकच, 'ह'. हरकतीचा."

"मग पाठिंबा लिहायचा कुठे?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग नमुन्याकडे पाहिलं. "कारणाचा रकाना मोठा आहे," त्या म्हणाल्या. "त्यात काय वाटेल ते लिहा."

मला ते पटलं. इथेच माझी बावीस वर्षांची अक्कल गहाण पडली. फॉर्मचं शीर्षक म्हणजे नुसती टोपी, आतलं डोकं महत्त्वाचं, असा माझा व्यावसायिक सिद्धांत होता. मी तो लगेच बाईंना ऐकवलाही. त्या पुढच्या माणसाला हाक मारत होत्या.

आमच्या तळमजल्यावर एक गृहस्थ राहतात. छत्तीस वर्षं कोर्टात पुकारा करायचे. नावं पुकारता पुकारता कायदा आपोआप अंगात मुरला, असं त्यांचं स्वतःबद्दलचं मत आहे. आम्ही त्यांना कोर्टवाले म्हणतो. मी नमुना घेऊन जिना चढत होतो तेवढ्यात त्यांनी तो माझ्या हातातून घेतलाच.

"एका अर्जाने काय होतंय?" ते म्हणाले. "ढीग पाहिजे, ढीग! सरकारी ऑफिसात मजकूर कोणी वाचत नाही. मोजतात. मी सांगतो ना."

कोर्टवाल्यांचा सल्ला छत्तीस वर्षांत पहिल्यांदा शंभर टक्के खरा ठरला, आणि तोच आमच्या मुळावर आला.

मी नमुन्याच्या प्रती काढल्या आणि संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर दारोदार फिरायला लागलो. मला वाटलं होतं लोक दार लावून घेतील. कसचं काय! वाचनालय म्हटल्यावर माणसं बोलायलाच लागली. चष्म्याच्या दुकानातला माणूस म्हणाला की त्याने धंद्याचं पहिलं पुस्तक तिथेच वाचलं. रात्रपाळीची एक नर्स म्हणाली, दिवसा घरात झोप येत नाही, तिथे दुसऱ्या पानाला येते. एक आजीबाई म्हणाल्या, "मला वाचता येत नाही रे बाबा, पण उन्हात चालून थकले की तिथली बाई पाणी देते आणि कुणाकडे आलात विचारत नाही. हे लिही." मी लिहिलं. रकाना खरोखरच मोठा होता.

फक्त बायकोने एकदा विचारलं, "अहो, पण वर ठळक अक्षरांत 'हरकत' छापलंय ना?"

"फॉर्म हा माझा प्रांत आहे," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि मशीन चालू केलं. आमच्या घरात 'बरं' या शब्दाने आजवर माझं कधी भलं झालेलं नाही.

बाबांनी त्यांचा नमुना स्वतः भरला. मी वाचायला हात पुढे केला तर त्यांनी कागदाची चार पदरी घडी घातली. "गठ्ठ्याच्या तळाशी ठेव," म्हणाले. "आणि नाक खुपसू नकोस." मी तो तळाशी ठेवला. शेवटच्या दिवशी दोनशे चौदा नमुने दोरीने बांधून चार नंबरला दिले. बाईंनी सगळ्यांची मिळून माझ्या नावाने एकच पोचपावती दिली. मी ती पाकिटात जपून ठेवली आणि छाती काढून घरी आलो.

आठवडाभराने वाचनालयाच्या दारावर नवी नोटीस लागली. ग्रंथालय उपकरास या प्रभागातून तीव्र विरोध. एकूण हरकती दोनशे चौदा. शंभरपेक्षा जास्त हरकती मान्य झाल्यास उपकर रद्द होईल. सुनावणी पुढच्या शनिवारी सकाळी अकरा वाजता. खाली 'प्रमुख हरकतदार' म्हणून एकच नाव होतं, माझं.

मी ती नोटीस तीनदा वाचली. मग आत गेलो. ग्रंथपाल बाई टेबलावर रोजचे पेपर लावत होत्या. मी हात पुढे केला तसा त्यांनी पेपर स्वतःकडे ओढून घेतला. "कपाटांना चाकं लावून ठेवू का?" त्या म्हणाल्या. "म्हणजे पाइप आणायला तुम्हाला सोपं जाईल." दोन वाक्यं बोलल्या, पण असं वाटलं की कुणी भर रस्त्यात थोबाडीत मारली. बाबा तिसऱ्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी पुस्तकातून मान वर केली नाही. पान मात्र ते उलटत नव्हते, हे मी पाहिलं.

बाहेर पडलो तर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याने मला कडकडून मिठी मारली. कराचं नाव काढलं की या गृहस्थांच्या अंगाचा तिळपापड होतो. "शेवटी कोणीतरी मर्द निघाला!" ते ओरडले. "आम्ही नुसते बोलतो, तुम्ही करून दाखवलंत! दोनशे चौदा!" रस्त्यातले चार लोक वळून बघायला लागले. माझ्या आयुष्यात माझं जाहीर कौतुक एकदाच झालं, आणि त्या क्षणी मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं.

मी धावत चार नंबरला गेलो. "हरकती मागे घ्यायच्यात!"

"प्रत्येक हरकतदाराने स्वतः यायचं, मूळ पोचपावतीसह."

"पोचपावती एकच आहे!"

"मग एकच हरकत मागे घेता येईल." बाईंनी शिक्का खाली ठेवला. माझा चेहरा बहुतेक फारच पडला असावा, कारण पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "हे बघा, नियम अकरा वाचा. सुनावणीला जो हरकतदार गैरहजर, त्याची हरकत आपोआप निकालात निघते."

मला तर त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. म्हणजे एवढंच करायचं, की दोनशे चौदा माणसांनी शनिवारी सकाळी घरी बसायचं! आमच्या इमारतीच्या सभेला दहा वर्षांत आठच्या वर माणूस आलेला नाही, आणि त्यातले दोन चुकून येतात. काही न करणं हे या भागातल्या लोकांना मी शिकवायला नको होतं. तरी पुन्हा दारोदार फिरलो. "शनिवारी सुनावणीला येऊ नका. प्लीज. काही झालं तरी येऊ नका." नर्सला सांगितलं, चष्मेवाल्याला सांगितलं, आजीबाईंना दोनदा सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली.

शनिवारी पावणेअकराला मी सभागृहात पोहोचलो तेव्हा उभं राहायला जागा नव्हती.

"तुम्ही का आलात?" मी चष्मेवाल्याला हात जोडून विचारलं.

"अहो, तुम्ही एवढं घरी येऊन येऊ नका म्हणालात," तो म्हणाला, "तेव्हा म्हटलं, नक्की काहीतरी मोठं असणार."

आजीबाई पहिल्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नर्स रात्रपाळीवरून थेट आली होती. ग्रंथपाल बाई मागच्या भिंतीला टेकून माझ्याकडे अशा बघत होत्या की मी खांबाआड सरकलो. बायको मशीन बंद करून आली होती, तिच्या गळ्यात अजून मापाची टेप होती. बाबा दाराजवळ उभे होते. आणि मधोमध हार्डवेअरवाले दहा-बारा माणसं घेऊन, अंगठे वर करून मला धीर देत होते.

सुनावणी अधिकारी मॅडम ठीक अकराला आल्या. चार नंबरच्या बाईंनी गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. "सगळे हजर?" मॅडम दचकल्या. "ठीक आहे. नियमाप्रमाणे पहिल्या दहा हरकती आणि शेवटची वाचून दाखवते. निकाल सगळ्यांना मिळून लागू." त्यांनी पहिला कागद उचलला. "हरकतीचं कारण. 'मला वाचता येत नाही, पण तिथली बाई पाणी देते आणि कुणाकडे आलात विचारत नाही.'" मॅडम थांबल्या. त्यांनी कागद उलटा करून पाहिला. दुसरा घेतला. "'घरात पाच माणसं, एक खोली. माझी मुलगी परीक्षेचा अभ्यास तिथे करते. कर घ्या पण छप्पर करा.'" तिसरा, चौथा. भिंतीला टेकलेल्या ग्रंथपाल बाई सरळ उभ्या राहिल्या. दहावा वाचून मॅडमनी चष्मा काढला.

"यात हरकत कुठे आहे?"

"नमुना हरकतीचाच आहे, मॅडम," चार नंबरच्या बाई म्हणाल्या.

"प्रमुख हरकतदार कोण?"

मी खांबाआडून बाहेर आलो. "मी. चूक माझी आहे. पाठिंब्याचा नमुना नव्हता, म्हणून मी याच्यावर पाठिंबा लिहून घेतला. लोकांचा काही दोष नाही. मी विमा कंपनीत फॉर्म तपासतो," हे शेवटचं वाक्य मी का बोललो ते मला आजही कळलेलं नाही. सभागृहात हशा पिकला.

"तपासता!" मॅडम म्हणाल्या. मग त्या विचारात पडल्या. "हरकती मान्य केल्या तर उपकर जातो आणि वाचनालयही जातं. म्हणजे या लोकांना खूश करायचं तर मला यांच्या सगळ्या हरकती अमान्य कराव्या लागतील."

"करा की!" आजीबाई ओरडल्या.

तोवर हार्डवेअरवाल्यांच्या डोक्यात प्रकाश पडला होता. ते ताडकन उठले. "मॅडम, खरी हरकत माझी आहे! लिहून घ्या!"

"तुमच्या नमुन्याचा क्रमांक?"

"मी दिला नाही. यांनी दोनशे चौदा दिले म्हटल्यावर मी कशाला..." ते माझ्याकडे वळले. त्या नजरेबद्दल मी काही लिहीत नाही. त्या दिवसापासून खिळे मी दुसऱ्या गल्लीतून आणतो.

"मुदत संपली," मॅडम म्हणाल्या. "आता शेवटची हरकत." त्यांनी तळातला कागद घेतला आणि चार पदरी घडी उलगडली. मी बाबांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते.

"'मी या वाचनालयात सहा वर्षं रोज दहा ते पाच बसतो,'" मॅडम वाचू लागल्या. "'मला वाचनाची आवड नव्हती. सून घरी शिवणकाम करते. बायका मापं द्यायला येतात, तिला खोली मोकळी हवी. ती तसं कधी म्हणाली नाही. म्हणून मीच म्हणालो की मला वाचल्याशिवाय करमत नाही. आता खरंच करमत नाही. सातव्या कपाटातली शेवटची ओळ वाचायची राहिली आहे. वाचनालय बंद झालं तर मी घरात बसेन, आणि तेव्हाही ती काही म्हणणार नाही. एवढीच माझी अडचण आहे.'"

मॅडमनी कागदाची पुन्हा तशीच चार पदरी घडी घातली. "सर्व दोनशे चौदा हरकती अमान्य," त्या म्हणाल्या. "उपकर मंजूर करण्याची शिफारस करते."

आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला! मी बावीस वर्षं लोकांना 'नामंजूर' कळवतो आहे. नामंजूर झाल्यावर एकमेकांना मिठ्या मारणारी माणसं मी जन्मात पहिल्यांदाच पाहिली. कोर्टवाले डोळे पुसत म्हणत होते, "छत्तीस वर्षं कोर्टात काढली, पण एवढी सुंदर हार बघितली नाही." आजीबाईंना कुणीतरी समजावत होतं की हरलो म्हणजे जिंकलो. त्या म्हणाल्या, मला कळतंय, मला शिकवू नका.

मी मात्र जागेवरच उभा होतो. सहा वर्षं. जिन्यात उजेड चांगला असतो म्हणे! त्या जिन्यात भर दुपारीसुद्धा पायरी दिसत नाही, मी स्वतः दोनदा घसरलो आहे. माणूस दुसऱ्यांच्या फॉर्ममधली चूक पाकिटाबाहेरून ओळखतो आणि बापाने घरात भरलेला एवढा मोठा खोटा रकाना त्याला दिसत नाही. मला स्वतःची लाज वाटली, आणि रडूही आलं. दोन्ही एकदम आल्यामुळे मी नाक शिंकरलं.

गर्दीतून वाट काढत ही बाबांजवळ गेली. मी मागे होतो. तिचे डोळे लाल झाले होते.

"मला वाटायचं, तुम्हाला मशीनच्या आवाजाचा त्रास होतो म्हणून जाता," ती म्हणाली. "म्हणून तुम्ही यायच्या आत, पाचच्या ठोक्याला मी मशीन बंद करते. हातातलं काम अर्धं टाकून."

"आवाजाचा कसला त्रास?" बाबा म्हणाले. "उलट घरात कोणीतरी आहे असं वाटतं."

"उद्या रविवार आहे. मशीन चालू असेल, बायकाही येतील. मी मध्ये पडदा शिवून लावते. तुम्ही आत पलंगावर बसायचं. जिन्यात दिसलात तर बघा!"

बाबांनी खिसे चाचपले, पिशवी उघडली, परत खिसे चाचपले. चष्मा त्यांच्या कपाळावर होता. आम्ही दोघांनीही सांगितलं नाही. त्यांना शोधताना बघून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

"पण घरी बसून वाचू काय?" शेवटी ते म्हणाले. "सातव्या कपाटातली पुस्तकं घरी न्यायला देतात का?"

ग्रंथपाल बाई शेजारीच उभ्या होत्या. त्या मला बघून हसल्या. खरंखुरं हसल्या. "देतो की. सोपं आहे. फक्त एक फॉर्म भरून द्यावा लागेल."

मी चटकन खिशातलं पेन काढलं आणि पुढे झालो.

"तू नको!" बाबा आणि बायको एका सुरात म्हणाले.